मंजुरी कधीची, नारळ कुणाचा?

"सात पंतप्रधानांची नावं? वहिनी, अहो आमच्या घरात एका नावावरून दोन दिवस कुणी कुणाशी धड बोलंना, आन् तुम्ही सात सांगताय!"

शेजारचे नाना भिंतीपलीकडून बोलत होते. प्रकरण असं, की नानांची नात सहावीत आहे आणि २३ ऑगस्टच्या राष्ट्रीय अंतराळ दिनाला शाळेत वक्तृत्व स्पर्धा आहे. नातीच्या बापाचं म्हणणं, सांगण्यासारखं जे झालं ते २०१४ नंतर. मामा संगमनेरहून आलेला. त्याचं म्हणणं, सगळं नेहरू-इंदिरांनीच करून ठेवलं, पुढच्यांनी नुसते फोटो काढले. पोरीने कंटाळून कागद आजोबांच्या हातात दिला.

नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी भाषण बाजूला ठेवलं आणि आधी तक्ता आखला. जुन्या डायरीच्या पानावर, पट्टी लावून, पाच रकाने: काम, मंजुरी, सुरुवात, पूर्ण आणि 'तेव्हाचे पंतप्रधान'. या शेवटच्या रकान्यात उभ्या रेघा मारून परत तीन घरं: मंजुरीला कोण, काम चालू असताना कोण आणि नारळ फोडायला कोण.

"खात्यात प्रत्येक कामाचा असा तक्ता असायचा माझ्याकडं," डायरी भिंतीवर ठेवत ते म्हणाले. "उद्घाटनाला स्टेजवर जो बसलाय त्याचा आन् कामाचा काय संबंध, हे फक्त आम्हालाच ठाऊक असायचं. बोलायचो नाय, एवढंच."

नगरमध्ये सावेडीतल्या आमच्या कॉलनीत घरातला कुठलाही वाद कंपाउंडच्या भिंतीवर आल्याशिवाय मिटत नाही. मी शाळेत इतिहास शिकवायचे, म्हणून जुन्या तारखा माझ्याकडे. नव्या तारखा वरच्या मजल्यावर. तिथे पाथर्डीचा एक मुलगा भाड्याने राहतो, एमपीएससी करतो, आणि खाली काही सुरू झालं की गॅलरीतून वाकतो.

"नेहरूंपासून लिहा," मी म्हटलं, "आणि नेहरू लिहिताना आपला किल्ला विसरू नका. ९ ऑगस्ट १९४२ला मुंबईत पकडलं आणि इथे भुईकोट किल्ल्यात आणून ठेवलं, ते थेट मार्च १९४५पर्यंत. 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' १९४४मध्ये इथेच लिहिलं. त्या पुस्तकाची सुरुवातच नगरच्या आभाळातल्या चंद्रकोरीने होते. कोठडीतले महिने मोजायला त्यांच्याजवळ चंद्रच होता."

"काय सांगता!"

"आणि चांद्रयान-१ने २००८ साली चंद्रावर जे यंत्र आदळवलं, त्या जागेला जवाहर पॉइंट म्हणतात. तारीख कोणती? १४ नोव्हेंबर."

"मून इम्पॅक्ट प्रोब," वरून आवाज आला.

"तेच ते. तू तुझा अभ्यास कर."

नानांनी डोळे बारीक केले. "वहिनी, ती १४ नोव्हेंबर मुद्दाम साधली असंल."

"असेल. तुम्ही मंत्र्याच्या वाढदिवसाला कालव्यात पाणी सोडत नव्हतात?"

नाना हसले आणि पहिल्या ओळीत लिहिलं: १९६२, अंतराळ संशोधनाची राष्ट्रीय समिती, अध्यक्ष विक्रम साराभाई. पाठीशी होमी भाभा आणि त्यांचं अणुऊर्जा खातं. २१ नोव्हेंबर १९६३ला केरळात थुंब्याहून पहिलं रॉकेट उडालं. ते अमेरिकेने दिलेलं होतं, आपलं नव्हतं. त्यानंतर साधारण सहा महिन्यांनी नेहरू गेले.

"झालं! भूमिपूजन करणारा गेला म्हंजे फाइल फेरतपासणीला गेली," नाना म्हणाले. खात्यातला अनुभव बोलत होता. नवा मंत्री आला की जुन्याच्या कामाची फाइल मागवतो, तिच्यावर 'सद्यःस्थिती सादर करावी' असा शेरा मारतो आणि सद्यःस्थिती सादर होईपर्यंत एक उन्हाळा निघून जातो.

इथे तर एकामागून एक माणसंच जात राहिली. ११ जानेवारी १९६६ला ताश्कंदला शास्त्रीजी गेले. २४ जानेवारीला इंदिराबाईंनी शपथ घेतली, आणि नेमकं त्याच दिवशी आल्प्समध्ये विमान आदळून होमी भाभा गेले. वीस महिन्यांत दोन पंतप्रधान आणि या सगळ्याला सरकारी छत्र मिळवून देणारा माणूस, तिघेही नाहीत. नानांच्या हिशेबाने इथे काम बंद पडायला हवं होतं. पडलं नाही. भाभांच्या जागी साराभाई आले, १५ ऑगस्ट १९६९ला इस्रो स्थापन झाली. मग ३० डिसेंबर १९७१ला साराभाईही अचानक गेले. वय बावन्न.

"आता इथं खरी परीक्षा," मी म्हटलं. "इंदिराबाईंनी सतीश धवनांना बोलावलं. ते तेव्हा कॅलिफोर्नियात होते. त्यांनी उलट अटी घातल्या. बंगळुरूच्या विज्ञान संस्थेचं संचालकपद सोडणार नाही आणि अंतराळाचं मुख्यालय बंगळुरूलाच पाहिजे."

"पंतप्रधानाला अटी? आमच्यात कुणी बदलीला अट घातली असती, तर दुसऱ्या दिवशी गडचिरोली!"

अटी मान्य झाल्या. आणि जून १९७२मध्ये जी व्यवस्था लागली, तीच माझ्या मते या गोष्टीची खरी किल्ली आहे. अंतराळ आयोग नेमला, स्वतंत्र अंतराळ विभाग काढला आणि तो विभाग कुणा मंत्र्याच्या हाती न देता थेट पंतप्रधानांकडे ठेवला. संसदेत उत्तरं द्यायला एखादा राज्यमंत्री असतो. २००४ ते २०१० आपल्या कराडचे पृथ्वीराज चव्हाण पंतप्रधान कार्यालयात राज्यमंत्री होते. पण खातं खुर्चीला बांधलेलं. खुर्चीवर कुणीही येवो, येतो तोच अंतराळमंत्री. स्वतःच्याच खात्याची फाइल फेरतपासणीला कोण पाठवणार?

नानांनी पेन खाली ठेवलं.

"तुम्हाला निळवंडे धरणाचं सांगू का?" आम्हाला माहीत होतं ते सांगणारच. "१९७०ला कल्पना निघाली. प्रवरेवर, अकोले तालुक्यात. अहो, किती मुख्यमंत्री, किती पाटबंधारे मंत्री झाले, मोजता यायचे नाहीत. जागा बदलली, उंची बदलली, कालवे आधी का धरण आधी यावर पिढी गेली. आन् डाव्या कालव्याचा नारळ फुटला २६ ऑक्टोबर २०२३ला, शिर्डीला, पंतप्रधानांच्या हस्ते. पाच हजार एकशे सत्त्याहत्तर कोटी. एकशे ब्याऐंशी गावं. चांद्रयान-३ उतरलं त्याच्या दोन महिने आधी, २३ ऑगस्टला. त्याचा खर्च सांगतात सहाशे पंधरा कोटी. म्हंजे एका निळवंड्यात आठ चांद्रयानं!"

"नाना, चंद्रावर सातबारा नसतो," वरचा मुलगा म्हणाला.

नाना त्याच्याकडे बघतच राहिले. मीसुद्धा. परीक्षेत पास होवो न होवो, पोरगं बरोबर बोललं होतं. निळवंड्यात घरंदारं गेलेले लोक होते, भूसंपादन होतं, वरचे तालुके विरुद्ध खालचे तालुके होते, साखर कारखाने होते आणि प्रत्येक वळणावर मतदारसंघ होता. सरकार बदललं की पाणी कुणाच्या बांधाला आधी पोचणार हे बदलत होतं. रॉकेटच्या वाटेवर कुणाचा ऊस नाही. त्यामुळे नव्या राज्यकर्त्याला ते अडवून काही मिळत नाही आणि चालू ठेवलं तर फुकटात मोठा मान मिळतो. या सरळ हिशेबामुळे आपला अंतराळ कार्यक्रम वाचला, असं मला वाटतं. राज्यकर्त्यांची दूरदृष्टी वगैरे आहेच, पण थोडी नंतर.

"बरं, पण पक्षच बदलला तेव्हा काय झालं? सत्त्याहत्तरला?" नाना परत तक्त्याकडे वळले.

ही ओळ मला फार आवडते. आपलं पहिलं स्वतःचं उपग्रह-रॉकेट एसएलव्ही-३. काम सुरू झालं इंदिराबाईंच्या काळात. मध्ये आणीबाणी आली, निवडणूक झाली, जनता पक्ष आला, मोरारजीभाई आले. त्यांनी काम बंद केलं नाही. जुलै १९७९मध्ये मोरारजी गेले, चरणसिंग आले. आणि १० ऑगस्ट १९७९ला श्रीहरिकोट्याहून उडालेलं एसएलव्ही-३ पाच-सव्वापाच मिनिटांत बंगालच्या उपसागरात पडलं.

"मग?"

"मग २० ऑगस्टला सरकार पडलं."

नाना खळखळून हसले. त्या दोन पडझडींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, हे लिहून ठेवते, नाहीतर नातीच्या मामाला नवा मुद्दा मिळायचा. पुढे १८ जुलै १९८०ला तेच रॉकेट वर गेलं, रोहिणी उपग्रह कक्षेत बसला, तेव्हा इंदिराबाई परत पंतप्रधान. मंजुरी त्यांची, अपयश दुसऱ्याच्या वाट्याला, नारळ पुन्हा त्यांचा. अब्दुल कलाम त्या प्रकल्पाचे प्रमुख होते. पहिल्यांदा पडलं तेव्हा पत्रकारांपुढे धवन स्वतः गेले आणि दुसऱ्यांदा जमलं तेव्हा कलामांना पुढे केलं, ही गोष्ट कलामांनीच पुढे अनेकदा सांगितली. थुंब्याच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक तेव्हा आपले वसंत गोवारीकर. घन इंधनाचा माणूस. राजीव गांधींनी त्यांना दिल्लीला विज्ञान-तंत्रज्ञान खात्यात नेलं आणि १९८८पासून सोळा घटकांवरून मान्सूनचा अंदाज निघायला लागला. आमच्याकडच्या कोरडवाहू गावांनी गोवारीकर हे नाव रॉकेटमुळे नव्हे, पावसामुळे ऐकलं.

"हे भाषणात घाला," माई आतून म्हणाल्या. नानांच्या मंडळी. तोवर त्या गप्प होत्या, म्हणजे नीट ऐकत होत्या. "आन् टीव्ही कुणामुळं आला तेपण घाला. आमच्या गावात इंदिराबाईंची अंत्ययात्रा अख्ख्या गावानं एका टीव्हीवर बघितली."

माईंचा मुद्दा दिसतो तेवढा साधा नाही. इन्सॅट-१ए १९८२मध्ये बिघडला, इन्सॅट-१बी १९८३मध्ये बसला आणि चौऱ्याऐंशीत गावोगाव दूरदर्शनचे मनोरे उभे राहिले. त्याआधी १९७५-७६मध्ये अमेरिकेचा उपग्रह वर्षभरासाठी घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे चोवीसशे खेड्यांत थेट टीव्ही दाखवला होता. त्या 'साइट' प्रयोगात पुण्याचे प्रमोद काळे महत्त्वाच्या जागेवर होते. सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण नारायणगावजवळ आर्वीला उपग्रहाशी बोलणारं मोठं भूकेंद्र सत्तरीच्या सुरुवातीलाच उभं राहिलं. आळेफाट्यावरून पुण्याला जाणाऱ्या कितीतरी नगरकरांनी ती तबकडी एसटीच्या खिडकीतून पाहिली असेल.

इथे वरच्या मुलाने पहिल्यांदा मला अडवलं.

"काकू, तुम्ही म्हणता नेते बदलले तरी काही बदललं नाही. हे चूक आहे. थांबलं काही नाही, पण दिशा बदलली. साराभाईंना चंद्राची शर्यत खेळायचीच नव्हती. हवामान, टेलिफोन, शिक्षण, शेती, एवढंच. मग चंद्र कुठून आला?"

बरोबर प्रश्न. चंद्र वाजपेयींकडून आला. १५ ऑगस्ट २००३, लाल किल्ला. शास्त्रज्ञांनी योजना तयार ठेवली होती, पण विकासासाठीच अंतराळ हे जुनं व्रत सोडून दुसऱ्या गोलाकडे जायचं, हा निर्णय राजकीय होता आणि तो वाजपेयींनी घेतला. 'सोमयान' हे सुचवलेलं नाव बदलून 'चांद्रयान' त्यांनीच केलं, असं सांगतात. नऊ महिन्यांत ते निवडणूक हरले. मनमोहन सिंगांनी ती योजना तशीच पुढे नेली. विरोधकाची घोषणा म्हणून टाकली नाही, नावही बदललं नाही. २२ ऑक्टोबर २००८ला यान गेलं आणि चंद्रावरच्या पाण्याचा पुरावा त्याने दिला.

नानांची लेखणी आता जोरात होती. चांद्रयान-२: मंजुरी सप्टेंबर २००८, मनमोहन सिंग. त्यात उतरणारं यान रशिया देणार होता, तो मागे हटला, मग आपण स्वतः केलं. उड्डाण २२ जुलै २०१९, मोदी. मंगळयान: मंजुरी ऑगस्ट २०१२, घोषणा लाल किल्ल्यावरून मनमोहन सिंगांची, उड्डाण ५ नोव्हेंबर २०१३ त्यांचंच, आणि मंगळाच्या कक्षेत शिरलं २४ सप्टेंबर २०१४ला, तेव्हा बंगळुरूच्या नियंत्रण कक्षात मोदी.

"म्हंजे रकाना तीनमधली तिन्ही घरं एकाच नावाची असं कामच सापडंना," नाना म्हणाले.

"रकाना पाच," वरून दुरुस्ती आली.

"आहे की," मी म्हटलं. "गगनयान."

१५ ऑगस्ट २०१८, पुन्हा लाल किल्ला. २०२२पर्यंत भारतीय माणूस भारतीय यानातून जाणार. डिसेंबर २०१८मध्ये नऊ हजार तेवीस कोटींची मंजुरी. खुर्ची तीच राहिली, पक्ष तोच राहिला, बहुमत होतं, आणि काम लांबलं. मध्ये कोविड आला हे खरं. माणूस बसवायचा तर घाई करून चालत नाही, हे त्याहून खरं. सप्टेंबर २०२४मध्ये मंजुरीची रक्कम वीस हजार एकशे त्र्याण्णव कोटींवर गेली, अर्थात त्यात अंतराळ स्थानकाचा पहिला भागही धरला.

नानांचा चेहरा उजळला. "सुप्रमा! अहो, ही तर सुप्रमा झाली. सुधारित प्रशासकीय मान्यता. व्याप्ती वाढली, दर वाढले, सबब सुधारित. आमच्या प्रत्येक कामाला दोन-तीन असायच्याच. मला वाटलं व्हतं इस्रोत नसती."

मला मात्र या ओळीने विचारात टाकलं. आमची सगळ्यांची समजूत अशी, की नेता बदलला की काम रखडतं. इथे मध्येच नेता बदलूनही एसएलव्ही-३ गेलं, चांद्रयान गेलं आणि नेता अजिबात न बदलता गगनयान रखडलं. तेव्हा उशिराचं कारण बहुतेक वेळा यंत्रात असतं. राजकारणी फक्त तारीख चुकीची सांगतो. लाल किल्ल्यावरून सांगितलेलं साल हे अभियंत्याने काढलेलं साल नसतं. मंचावरच्या भाषणात कालव्याची तारीख ऐकून नाना कितीदा मान खाली घालून बसले असतील, तेच जाणोत.

"आपण ज्याला खरं नुकसान म्हणू," मी म्हटलं, "ते आपल्या दिल्लीतल्या बदलाने झालं नाही. मॉस्कोतल्या झालं."

जानेवारी १९९१मध्ये, चंद्रशेखर पंतप्रधान असताना, सोव्हिएत ग्लावकॉसमॉसबरोबर करार झाला. अतिथंड इंधनावर चालणारी क्रायोजेनिक इंजिनं आणि ती बनवायची विद्या, दोन्ही. वर्ष संपायच्या आत सोव्हिएत संघच उरला नाही. मे १९९२मध्ये थोरल्या बुशसाहेबांनी इस्रोवर निर्बंध घातले, १९९३मध्ये क्लिंटन-येल्त्सिन यांचं जुळलं आणि रशियाने विद्या द्यायचं नाकारलं, नुसती तयार इंजिनं दिली. आपलं स्वतःचं क्रायोजेनिक इंजिन लावून जीएसएलव्ही यशस्वीपणे उडालं ५ जानेवारी २०१४ला. करारापासून तेवीस वर्षं. गोर्बाचेव्ह टिकले असते तर, असा प्रश्न इतिहासाच्या बाईने विचारू नये; पण भिंतीपाशी चालतो.

उलटंही एक आहे. राकेश शर्मा सप्टेंबर १९८२मध्ये तयारीला गेले तेव्हा ब्रेझनेव्ह होते. ते वारले, आंद्रोपोव्ह आले, तेही वारले, चेर्नेन्को आले. ३ एप्रिल १९८४ला सोयूझ ठरल्याप्रमाणे उडालं. तिथे माणसं बदलली तेव्हा काही झालं नाही. व्यवस्था बदलली तेव्हा सगळं गेलं.

"अमेरिकेत तर दर चार वर्षांनी वारं फिरतं," वरचा मुलगा आता जिना उतरून खालीच आला होता. केनेडींनी १९६१मध्ये चंद्र सांगितला, १९६९मध्ये चंद्रावर फोन लावला निक्सननी, आणि त्याच निक्सनच्या काळात अपोलोच्या शेवटच्या मोहिमा कापल्या गेल्या. धाकट्या बुशनी २००४मध्ये पुन्हा चंद्र काढला, ओबामांनी २०१०मध्ये तो रद्द केला, ट्रम्पनी २०१७मध्ये परत काढला. बायडेननी तो न मोडता चालू ठेवला, हेच नवल. ब्रिटनची गोष्ट त्याहून विनोदी. त्यांनी १९७१मध्ये आपलं ब्लॅक ॲरो रॉकेट रद्द करून टाकलं आणि नंतर, तयार होतंच म्हणून, एक उडवलं. उपग्रह कक्षेत बसला! तोवर दुकानाला कुलूप लागलेलं.

"आन् अमेरिकेचा आपला एकत्र उपग्रह गेला ना परवा?"

निसार. करार सप्टेंबर २०१४मध्ये, ओबामांच्या काळात. मग ट्रम्प, मग बायडेन, मग परत ट्रम्प. ३० जुलै २०२५ला श्रीहरिकोट्याहून उडाला. दर बारा दिवसांनी जवळपास सगळी जमीन तपासणार, मातीतली ओलसुद्धा. नानांनी त्याच्याखाली दोन रेघा मारल्या. त्यांची पाथर्डीकडे चार एकर आहे.

इतकं गोड सगळं वाचून कुणाला वाटेल, की अंतराळात राजकारण शिरलंच नाही. शिरलं, आणि एकदा फार वाईट शिरलं. नोव्हेंबर १९९४मध्ये इस्रोचे नंबी नारायणन हेरगिरीच्या खोट्या प्रकरणात पकडले गेले. केरळातल्या काँग्रेसच्या गटबाजीत त्या प्रकरणाचा सोटा झाला, मार्च १९९५मध्ये करुणाकरन यांचं मुख्यमंत्रीपद गेलं. सर्वोच्च न्यायालयाने नारायणन यांना पन्नास लाखांची भरपाई द्यायला सांगितलं ते २०१८मध्ये. ते द्रव इंधनाच्या इंजिनांवर काम करणारे आणि क्रायोजेनिकची जबाबदारी असलेले शास्त्रज्ञ होते, हे लक्षात घेतलं म्हणजे हानी कळते.

आणि उपग्रह पाडायचं क्षेपणास्त्र. आपल्या नगरची व्हीआरडीई ही संस्था ज्या डीआरडीओची, त्याच डीआरडीओच्या प्रमुखांनी २०१२मध्ये सांगितलं होतं की क्षमता आहे. चाचणी झाली २७ मार्च २०१९ला, लोकसभेची आचारसंहिता लागलेली असताना, आणि पंतप्रधानांनी ती स्वतः टीव्हीवर येऊन सांगितली. निवडणूक आयोगाने आचारसंहितेचा भंग नाही असं म्हटलं. यातलं वेळेचं राजकारण तुम्ही हवं तसं समजा. पण हो म्हणणारा माणूस बदलल्याने धोरण बदललं, याचं याहून स्पष्ट उदाहरण नाही. तसंच २०२०मध्ये खासगी कंपन्यांना दार उघडलं ते. स्कायरूट कंपनीचं विक्रम-एस रॉकेट १८ नोव्हेंबर २०२२ला उडालं. पन्नास वर्षांची सरकारी मक्तेदारी एका निर्णयात सैल झाली.

"मग वहिनी, तुमचं म्हणणं शेवटी काय? खुर्चीला बांधलेलं खातं चांगलं का वाईट?"

माझं म्हणणं असं, की आजवर नशीब चांगलं होतं. खुर्चीवर आलेल्या कुणालाच अंतराळाचा तिटकारा नव्हता. उद्या एखादा आला तर त्याला अडवायला कायदा नाही. अंतराळ कार्यासाठीच्या विधेयकाचा मसुदा २०१७मध्ये लोकांच्या सूचनांसाठी ठेवला होता. तो अजून मसुदाच आहे. २०२३चं भारतीय अंतराळ धोरण आहे, पण ते मंत्रिमंडळाने केलेलं. पुढच्या मंत्रिमंडळाला ते एका बैठकीत बदलता येतं. खासगी कंपन्यांना परवाने देणारी इन-स्पेस संस्थासुद्धा त्याच पायावर उभी. नेत्यांचं कौतुक करायचंच असेल तर जो हा कायदा करील त्याचं मी करीन, मग तो कुठल्याही पक्षाचा असो. भाषणात मावलं तर तेही घाला म्हटलं.

"सहावीतली पोर विधेयक म्हणणार?" माई म्हणाल्या. "तिला 'सोव्हिएत' म्हणता येईना झालंय."

शेवटी भाषण नानांच्या तक्त्यावरूनच लिहिलं. नेहरू, इंदिरा, मोरारजी, वाजपेयी, मनमोहन सिंग, मोदी. आणि माईंच्या आग्रहाने धवन आणि गोवारीकर, जे कधीच निवडून आले नाहीत. शास्त्रीजी राहिले, चरणसिंगही राहिले. पाच मिनिटांना इलाज नाही. बाप आणि मामा दोघेही तितकेच नाराज झाले. नानांच्या मते अंदाजपत्रक बरोबर उतरल्याची हीच खूण.

चांद्रयान-३ उतरलं त्या आठवड्यात आपल्याकडेही चौकाचौकात फ्लेक्स लागले होते. एकावर तर यान अंगठ्याएवढं आणि शुभेच्छुक पाच फुटी. पुन्हा लागतील, गगनयान जाईल तेव्हा तर वीज मंडळाचे खांब कमी पडतील. तेव्हा त्याखाली उभं राहून भांडू नका, एवढंच विचारा: मंजुरी कधीची, काम कुणाच्या काळात झालं आणि नारळ कुणी फोडला? तिन्ही तारखा सांगता आल्या तर चहा नानांकडून.